जुन्या एम२१५ शेजारी नवे आयक्यू८: जोडायचे, पण जुन्याच्या शेपटाला नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात, सॅन होजेमध्ये घर. २०१३ साली छतावर २५० वॅटची २० पॅनेलं बसवली, प्रत्येकाखाली एनफेजचा एम२१५ मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलाची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा छोटा डबा. वीज पीजीअँडईची. दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि वर्षभराच्या देण्याघेण्याचा हिशेब मिटवणारं ट्रू-अप बिल, जे एरवी शंभर-दोनशे डॉलरांत आटपायचं, ते हजाराच्या पुढे गेलं. पश्चिमेच्या उतारावर आठ पॅनेलं मावतील इतकी जागा आहे, आणि जुन्या केबलच्या टोकाला तीन कनेक्टर मोकळे आहेत. तिथूनच पुढे एनफेजचे नव्या पिढीचे आयक्यू८ जोडत जावं का? ते जमत नसेल तर ईबेवर जुने एम२१५ स्वस्तात मिळतात, ते घ्यावेत का?

पहिलं चालणार नाही. दुसरं करू नका. कारणं खाली येतीलच, पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. नवी आठ पॅनेलं हा जुन्या सिस्टीमचा वाढीव भाग नव्हे. ती शेजारी उभी राहणारी दुसरी, छोटी सिस्टीम आहे. तिची केबल वेगळी, तिचा ब्रेकर वेगळा, तिचा गेटवे, म्हणजे इन्व्हर्टरांकडून आकडे गोळा करणारा डबा, तोही वेगळा. दोघींची गाठ पडते ती खाली, भिंतीवरच्या डब्यात. (छतावरचंही पॅनेल आणि भिंतीवरचंही पॅनेल म्हटलं की बोलण्यात फार घोळ होतो, म्हणून भिंतीवरच्याला मी इथेही आपल्याकडच्यासारखं डीबीच म्हणतो.)

लोक छतापासून सुरुवात करतात, कारण जागा छतावर दिसते. मी उलटा येतो: आधी कागद, मग डीबी, शेवटी छत. पण तुमच्या बाबतीत त्याच्याही आधी एक काम आहे.

जुनी वीसच्या वीस चालू आहेत का, ते पाहिलंत? तुमच्या प्रश्नात ओझरतं एक वाक्य आहे, की वायफायचा राउटर बदलल्यापासून ॲपवर आकडे येत नाहीत, पण छताचं काम ठीक चाललंय. हे ठीक चाललंय तुम्हाला कोणी सांगितलं? मायक्रोइन्व्हर्टरचा गुण तोच त्याचा दोष. एक बंद पडला तरी बाकीचे एकोणीस निमूट चालत राहतात. ना आवाज, ना लाल दिवा. बारा-तेरा वर्षांच्या छतावर एखाद-दुसरा मेलेला सापडणं अजिबात नवलाचं नाही. गेल्या वर्षी एका घरी मी असाच विस्ताराचा हिशेब करायला गेलो होतो. जुना एन्व्हॉय, म्हणजे एनफेजचा त्या काळचा गेटवे, गॅरेजच्या कोपऱ्यात, धुळीत, कॉर्डलेस फोनच्या चार्जरमागे पडलेला. राउटरला इथरनेटच्या वायरने जोडला, तासाभराने यादी आली: १८ पैकी ४ गप्प. मालकांना वाटत होतं, आपला वापर वाढलाय.

आता गणित बघा. तुमच्याकडे २५० वॅटचं एक पॅनेल वर्षाला साधारण साडेतीनशे युनिट देतं. तीन इन्व्हर्टर बंद असतील तर हजारभर युनिट गेली. आणि गाडीला किती लागतात? वर्षाला १२,००० मैल, एका युनिटला साडेतीन मैल, म्हणजे सुमारे ३,४०० युनिट. तुमच्या वाढीव बिलातला मोठा तुकडा मेलेल्या इन्व्हर्टरांचा असू शकतो, आणि एम२१५ वर २५ वर्षांची वॉरंटी आहे. नग बदलून मिळेल; छतावर चढायची मजुरी कोणाची, ते मात्र आधी विचारून घ्या. त्यामुळे पहिलं पाऊल नवं पॅनेल विकत घेणं नाही, तर जुना एन्व्हॉय परत बोलता करणं. त्यातल्या सीरियल नंबरांच्या यादीचा फोटोही काढून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता कागद. तुमचा करार २०१३ चा, म्हणजे नेट मीटरिंगच्या पहिल्या पिढीचा. चालू झाल्यापासून २० वर्षं तो टिकतो, म्हणजे २०३३ पर्यंत. या करारात दुपारी तुम्ही ग्रिडला दिलेलं युनिट आणि त्याच वेळी घेतलेलं युनिट जवळपास एकाच भावाचं. एप्रिल २०२३ च्या मध्यानंतर अर्ज केलेल्यांना हे सुख नाही. ते नेट बिलिंगमध्ये जातात, आणि तिथे दिलेल्या युनिटाचा मोबदला पूर्वीच्या मानाने सरासरी एक-चतुर्थांशाच्या आसपास उतरतो. दुपारी देताना कवडीमोल, संध्याकाळी घेताना पूर्ण भाव.

जुन्या करारावर असताना सिस्टीम वाढवता येते, पण मर्यादेत: मूळ क्षमतेच्या १० टक्के किंवा १ किलोवॅट, यांतलं जे जास्त असेल तेवढीच. त्यापुढे एक पॅनेल जरी गेलं तरी फक्त नवी पॅनेलं नाही, तर सगळं छत नेट बिलिंगमध्ये जातं. तुमची मूळ क्षमता कंपनीच्या हिशेबाने, म्हणजे इन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या विजेवर मोजून, सव्वाचार किलोवॅटच्या आसपास येईल. तिचे १० टक्के अर्ध्या किलोवॅटहून कमी, म्हणून तुम्हाला १ किलोवॅटची मुभा. आजच्या ४१० वॅटच्या पॅनेलांत ती म्हणजे दोन पॅनेलं. ओढूनताणून, लहान पॅनेलं शोधून, तीन. आठ नाहीत.

इथे बहुतेक जण हिरमुसतात, आणि काही जण 'कोण बघतंय' असं म्हणतात. बघतात. स्मार्ट मीटर पंधरा-पंधरा मिनिटांचा आकडा पाठवत असतो, आणि सव्वाचार किलोवॅटच्या घरातून भर दुपारी सहा किलोवॅट बाहेर पडायला लागले की ते लपत नाही. शिवाय परमिटशिवाय छतावर चढवलेली वस्तू घर विकताना आणि विम्याच्या वेळी अंगाशी येते.

आठ लावायचीच असतील तर दोन रस्ते उरतात. एक, नेट बिलिंग पत्करायचं आणि सोबत बॅटरी घ्यायची, म्हणजे दुपारची वीज संध्याकाळी ४ ते ९ च्या महाग वेळात घरातच जिरवता येते. दुसरा, नवा भाग नॉन-एक्स्पोर्ट म्हणून मांडायचा. त्यातून ग्रिडकडे काहीच जाणार नाही अशी नियंत्रणं लावून ते कागदावर सिद्ध करायचं आणि जुन्या भागाचा करार राखायचा. हा दुसरा रस्ता बॅटरीबरोबरच शोभतो, आणि त्याची अर्जप्रक्रिया साध्या जोडणीसारखी दोन पानांत संपत नाही. आणखी एक: घराच्या सौरयंत्रणेवरची ३० टक्क्यांची फेडरल करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला मिळत नाही. कोणी विक्रेता अजूनही ती धरून परतफेडीची वर्षं मोजून दाखवत असेल तर तो कागद बाजूला ठेवा.

आता डीबी. इथे खरी अडचण येते आणि इथेच बहुतेक जाहिराती गप्प असतात.

डीबीच्या आत तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी असते, बसबार. तिच्यावर एका बाजूने ग्रिडची वीज येते, दुसऱ्या बाजूने सोलरची. दोन्ही मिळून पट्टी तापू नये म्हणून नियम असा की मेन ब्रेकर आणि सोलरच्या प्रवाहाची सव्वापट, यांची बेरीज बसबारच्या क्षमतेच्या १२० टक्क्यांच्या आत हवी. बसबार २०० अँपचा आणि मेनही २०० चा असेल तर: २४० वजा २००, सोलरच्या वाट्याला ४० अँप.

तुमचे वीस एम२१५ प्रत्येकी ०.९ अँप देतात. १८ अँप. सव्वापट केले की २२.५. उरले १७.५. नवे आठ आयक्यू८+ (आयक्यू८ मधलाच एक प्रकार) घेतले तर प्रत्येकी १.२१ अँप, म्हणजे ९.७, आणि सव्वापट करून १२.१. एकूण ३४.६. बसतंय, थोडी जागाही राहते. पण हे २०० अँपच्या डीबीला. सॅन होजेत साठ-सत्तरच्या दशकातली कितीतरी घरं १०० अँपच्या मूळ डीबीवर आहेत. त्यांचा हिशेब १२० वजा १००, म्हणजे २० अँप. त्यात तुमची जुनी सिस्टीमच मावत नाही, नवीचं तर सोडाच. तुमचा मेन २०० चा आहे असं तुम्ही लिहिलंय, पण ते बहुधा ब्रेकरच्या दांडीवरचा आकडा वाचून. बसबारचा आकडा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या लेबलावर असतो, आणि तो वेगळा असू शकतो. चांगल्या अर्थानेही: बसबार २२५ चा निघाला तर २७० वजा २००, म्हणजे ७० अँप मोकळे. एका लेबलाने सगळं गणित फिरतं. मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा, मात्र आतलं कव्हर काढू नका.

जागा कमी पडली तर मेन २०० वरून १७५ करता येतो, पण त्याआधी घराचा लोड काढावा लागतो. तुमच्याकडे आता गाडीचा चार्जरही आहे, तो विसरू नका.

बारीकशी गोष्ट, पण इन्स्पेक्टर इथेच अडवतो. सोलरचा ब्रेकर बसबारच्या मेनपासून दूरच्या टोकाला हवा. कॅलिफोर्नियात मात्र मेन मधोमध असलेले डीबी भरपूर. तिथे सोलर कुठल्याही एका टोकाला चालतं, दोन्ही टोकांना नाही. जुना ब्रेकर खालच्या टोकाला असेल आणि नव्याला वरच्या टोकाची जागा रिकामी दिसली म्हणून तिथे लावला, तर काम नापास. म्हणून मी दोन्ही सिस्टीमच्या वायरी मीटरजवळच्या एका सोलर सबपॅनेलात, म्हणजे छोट्या डीबीत, आणतो आणि तिथून मुख्य डीबीत एकच ४० अँपचा ब्रेकर नेतो. त्याचा आणखी एक फायदा आहे, तो गेटवेच्या भागात सांगतो.

आणि आता छत, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न.

त्या तीन मोकळ्या कनेक्टरांकडे पाहून मोह होतो, हे मान्य. पण एम२१५ ची एंगेज केबल चार तारांची: दोन फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. आयक्यू मालिकेची क्यू केबल दोनच तारांची. आयक्यूचं कवच दुहेरी इन्सुलेशनचं, त्याला वेगळं अर्थिंग लागत नाही आणि न्यूट्रलही नको. दोन्हींचे कनेक्टर एकमेकांत बसत नाहीत. ते मुद्दामच तसे केलेले आहेत. कापून जोडणारे महाभाग असतात, पण तो जोड ना सर्टिफाइड, ना पाण्यापासून सुरक्षित, ना वॉरंटीत.

मग ईबेवरचे एम२१५? केबलवर बसतील. २० अँपच्या एका शाखेवर, म्हणजे एका ब्रेकरवरच्या रांगेवर, १७ पर्यंत एम२१५ चालतात, तुमच्या दोन शाखांवर दहा-दहा आहेत, म्हणजे तीही हरकत नाही. विजेच्या हिशेबाने हा विचार वेडा नाही, हे आधी कबूल करतो. आजचं १०८ अर्ध्या सेलांचं ४१० वॅटचं पॅनेल ३७ व्होल्टच्या आसपास ओपन सर्किट (भार नसतानाचा) व्होल्टेज देतं. सॅन होजेच्या गारठलेल्या पहाटे ते ४० पर्यंत चढेल. एम२१५ आवृत्तीनुसार ४५ ते ४८ सोसतो. जळणार नाही. पण ४१० वॅटच्या पॅनेलातून तो २१५ च्या वर काही देणार नाही. दुपारभर निम्मं ऊन वाया. आणि १४४ अर्ध्या सेलांचं मोठं ५४० वॅटचं पॅनेल लावलंत तर त्याचा ओपन सर्किट व्होल्टेज मुळातच ४९ च्या पुढे असतो, म्हणजे इन्व्हर्टर जळू शकतो.

तरी खरी भिंत वेगळीच आहे. कॅलिफोर्नियात २०२३ पासून नव्या जोडणीला यूएल १७४१ या इन्व्हर्टरांच्या मानकाच्या एसबी पुरवणीप्रमाणे तपासलेलेच इन्व्हर्टर लागतात. एम२१५ त्या काळाचा नाही. अर्जात त्याचं नाव घातलंत की अर्ज परत. जुने छतावर आहेत ते राहू देतात. नव्याने चढवू देत नाहीत. बदलीला एखादा जुना नग जवळ असावा म्हणून कोणी घेऊन ठेवला तर ते मी समजू शकतो, विस्तारासाठी नको.

तेव्हा आयक्यू८. त्यातला कुठला, यावर लोक रात्र-रात्र जागतात. आयक्यू८+ क्षणभर ३०० व्होल्ट-अँपियर देतो, सतत २९०. आयक्यू८ए ३६६ आणि ३४९. ४१० वॅटच्या पॅनेलाला छोटा पुरेल का? दक्षिणेच्या छतावर मी कदाचित मोठा घेतला असता. तुमचा उतार पश्चिमेला आहे. तिथे पॅनेल आपल्या नावावरच्या आकड्याजवळ फार थोडे दिवस पोचतं. वर्षभरात काही दुपारी थोडं उत्पादन कापलं जाईल. त्याच्या बदल्यात डीबीत दोन-तीन अँप वाचतात, आणि तुमच्या डीबीत जागा मोजकीच आहे. आयक्यू८+ घ्या. २० अँपच्या शाखेवर १३ चालतात, तुमचे आठ एका शाखेत आरामात.

डीसी कनेक्टरांबद्दल एक सांगतो, कारण हे मी हाताने उघडून पाहिलंय. पॅनेलाच्या वायरीवरचा प्लग एका कंपनीचा, इन्व्हर्टरवरचा दुसऱ्या कंपनीचा. दोन्ही 'एमसी४ सारखेच' (एमसी४ म्हणजे सोलरचा प्रचलित प्लग), टकन आवाज करून बसतात, ओढून निघत नाहीत. चार वर्षांनी एका छतावर असा जोड काढायला गेलो तर तो निघेचना. आतली पिन तपकिरी पडलेली, प्लास्टिक कडेने मेणासारखं ओघळलेलं. धातू जिथे धातूला टेकतो तिथे केसाएवढी सैल जागा असली तरी तेरा अँप तिथे तापतात. दोन्ही बाजूंचे कनेक्टर एकाच कंपनीचे हवेत. पॅनेल घेताना डेटाशीटवर कनेक्टरचं नाव नीट वाचा. नुसतं 'एमसी४ कंपॅटिबल' म्हटलं असेल तर पुरवठादाराला विचारा.

नव्या पॅनेलांना आजचे नियम लागतात, हेही ध्यानात ठेवा. जुन्या रांगा अगदी कडेपर्यंत गेलेल्या दिसतात, कारण त्या तेव्हा चालल्या. आता अग्निशमनवाल्यांसाठी तीन फुटांची वाट सोडावी लागते, त्यामुळे तुमची आठची जागा टेप लावून पाहिल्यावर सातची निघू शकते. जुनी पॅनेलं हलवायची गरज नाही.

आता व्होल्टेज. यावर जरा रेंगाळतो, कारण विस्तारानंतर 'जुनं बिघडलं' अशी तक्रार येते तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. इन्व्हर्टर वीज ढकलतो तेव्हा छतापासून डीबीपर्यंतच्या तारेत व्होल्टेज चढतो. जितका प्रवाह जास्त, तार लांब आणि बारीक, तितका चढ जास्त. इन्व्हर्टरला २४० च्या १० टक्के वर, म्हणजे २६४ व्होल्टच्या पुढे गेलं की बंद व्हायची सक्त ताकीद असते.

टेकडीवरचं एक घर. ट्रान्सफॉर्मर अगदी दाराशी, त्यामुळे ग्रिडचाच व्होल्टेज दुपारी डीबीत २५४. छतापासून डीबीपर्यंत १४० फूट, १० गेजची तार (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड). जुन्या वीस एम२१५ चे १८ अँप तिच्यातून सहा व्होल्ट चढवायचे, शाखेच्या आत आणखी दोन, म्हणजे टोकाच्या इन्व्हर्टरपाशी २६२. काठावर, पण वर्षानुवर्षं चाललेलं. मग कोणीतरी त्याच तारेवर छतावरच चार नवे मायक्रोइन्व्हर्टर आणून जोडले. ब्रेकरचं गणित बरोबर होतं, इन्स्पेक्टरने सही केली. मी गेलो तेव्हा छतावरच्या जोडपेटीत मीटर २६२ दाखवत होता आणि टोकाचे तीन जुने इन्व्हर्टर दर थोड्या वेळाने बंद पडून पाच-पाच मिनिटं थांबून परत चालू होत होते. स्वच्छ ऊन, थंड हवा, म्हणजे सगळ्यात चांगल्या दिवशी सगळ्यात कमी वीज. मालक म्हणाले, जुने म्हातारे झालेत, सगळे बदलून टाकू. बदलली फक्त तार. १० ऐवजी ६ गेज. चढ आठ व्होल्टवरून तीनवर आला आणि म्हातारे पुन्हा कामाला लागले.

तुम्ही नव्या शाखेची तार थेट सबपॅनेलापर्यंत वेगळी नेलीत तर हा प्रश्न फक्त सबपॅनेल ते डीबी या छोट्या अंतरापुरता उरतो. छतावरच दोन्ही एकत्र करून तार वाचवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला आधी दुपारचा व्होल्टेज मोजायला सांगा. सगळे तुकडे मिळून चढ दोन टक्क्यांत, म्हणजे पावणेपाच व्होल्टांत बसवायचा, हा आमचा नेहमीचा नेम.

राहिला गेटवे. एम२१५ आपली माहिती घराच्या विजेच्या तारेतूनच एन्व्हॉयला पाठवतात. आयक्यू८ ही तारेतूनच बोलतात, पण आयक्यू गेटवेशी. जुन्या एन्व्हॉयला नवे कळत नाहीत, आयक्यूच्या गेटवेखाली जुने आणि नवे एकत्र घालता येत नाहीत. म्हणून घरात दोन गेटवे. दोघे एकाच वायरिंगवर, म्हणजे एका खोलीत दोन बैठका चालल्यासारखं. गोंगाट टाळायला मध्ये लाइन कम्युनिकेशन फिल्टर घालतात, आणि प्रत्येक गेटवेला आपापल्या सीरियल नंबरांची यादी देऊन शोध बंद करून टाकतात. मघाशी फोटो काढून ठेवायला सांगितला तो यासाठी. जुनी यादी हाताशी नसेल तर नव्या गेटवेचा शोध चालू असताना कोण कुठला यात अर्धा दिवस जातो.

सबपॅनेलचा दुसरा फायदा इथे. नवा गेटवे दोन ठिकाणी प्रवाह मोजतो: सोलरच्या तारेवर एक सीटी (तारेभोवती अडकवायचा, प्रवाह मोजणारा सेन्सर) आणि मेनवर दोन. घराचा वापर तो असा काढतो: मेनवरची निव्वळ देवाणघेवाण अधिक सोलरचं उत्पादन. आता उत्पादनाचा सीटी फक्त नव्या आठांच्या तारेवर लावला तर जुन्या वीसांची वीज त्याच्या हिशेबात येतच नाही, आणि भर दुपारी घराचा वापर शून्याच्या खाली गेलेला दिसतो. लोक घाबरून फोन करतात, की मीटर उलटा फिरतोय. मीटर ठीक असतो, सीटी चुकीच्या तारेवर असतो. दोन्ही सिस्टीम जिथे एकत्र येतात त्या सबपॅनेलच्या बाहेर पडणाऱ्या तारेवर तो लावला की एकूण उत्पादन आणि वापर दोन्ही खरे दिसतात. पॅनेलागणिक आकडे मात्र नव्या गेटवेवर नव्या आठांचेच दिसतील.

'आयक्यू८ आहे म्हणजे ग्रिड गेलं तरी घर चालेल' हे तुम्ही कुठेतरी वाचलंय. अर्धं खरं. आयक्यू८ ला स्वतःचं ग्रिड उभारता येतं, बॅटरीशिवायही, पण त्याला घर बाहेरच्या तारांपासून तोडणारा सिस्टीम कंट्रोलर लागतो, आणि ढग आला की आठ पॅनेलांवर फ्रिज धापा टाकतो. जुने वीस त्यात मदतीला येतील असं धरू नका. घर असं स्वतंत्र चालत असताना जास्तीची वीज आवरायची रीत म्हणजे फ्रिक्वेन्सी थोडी वाढवायची. नवे इन्व्हर्टर ते ओळखून हळूहळू हात आखडता घेतात. तुमच्या काळच्या जुन्यांना दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद. ६०.५ हर्ट्झ ओलांडले की सगळे एकदम बंद. पुढे बॅटरी घ्यायची असेल तर आजच विक्रेत्याला विचारा की जुने एम२१५ तिच्या कुठल्या बाजूला बसतील, आणि उत्तर लेखी घ्या.

तुमचे मोठे भाऊ पुण्यात कोथरूडच्या बंगल्यावर असंच वाढवायचं म्हणतायत, असं शेवटी लिहिलंय. तिथे ग्रिड २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचं, त्यामुळे एका शाखेवर किती इन्व्हर्टर हा आकडा इथला उचलून चालणार नाही. भारतासाठीच्या डेटाशीटवरून काढायला सांगा. महावितरणच्या नेट मीटरिंगमध्ये सोलरची क्षमता मंजूर भाराशी बांधलेली असते, म्हणून त्यांनी आधी बिलावर मंजूर भार किती किलोवॅट आहे ते बघावं आणि लागला तर आधी तो वाढवून घ्यावा. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांवर थांबतं आणि पॅनेलं देशी सेलांची लागतात, तेव्हा पॅनेल निवडतानाच हे पाहावं लागेल. जुनी केबल, जुना गेटवे आणि व्होल्टेजचा चढ यांचं वर लिहिलेलं सगळं तिथेही जसंच्या तसं लागू.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? एन्व्हॉय आधी चालू केला असता, मेलेले इन्व्हर्टर वॉरंटीत बदलून घेतले असते, आणि गाडीचं चार्जिंग मध्यरात्रीनंतरवर ढकललं असतं. पीजीअँडईच्या ईव्ही२-ए दरात मध्यरात्र ते दुपारी ३ हा वेळ स्वस्त असतो. वर्षभर बिल बघितलं असतं. दोन पॅनेलांच्या मुभेसाठी मी धावलो नसतो. परमिट, आराखडा, गेटवे, फिल्टर, सबपॅनेल, मजुरी हे सगळं दोन पॅनेलांना जवळपास आठांइतकंच लागतं, आणि पश्चिमेच्या उतारावर दोन पॅनेलांतून वर्षाला हजार-अकराशे युनिटच मिळतील. तेवढी कदाचित जुन्या छतावरच झोपलेली आहेत. त्यानंतरही खड्डा उरला तर आठ पॅनेलं आणि बॅटरी एकदमच, नेट बिलिंग पत्करून. पण तो हिशेब २०३३ पर्यंतची वर्षं डोळ्यांसमोर ठेवून करायचा, आणि त्यासाठी मला तीन गोष्टी लागतील: डीबीच्या दारामागच्या लेबलाचा फोटो, गेल्या ट्रू-अपचं महिनावार पान, आणि कुठल्याही निरभ्र दुपारी १ वाजता डीबीतला व्होल्टेज. तिसरी गोष्ट स्वतः मोजू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.